सनद आहे का, आणि ती आज चालू आहे का?

कायद्याच्या या सदराकडे ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न एकाच गाठीशी येऊन थांबतात. समोर काळा कोट घालून बसलेल्या माणसाला आपलं काम करण्याचा अधिकार आहे का, आणि ते पक्षकाराने ओळखायचं कसं? म्हणून या वेळी हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ भेटलेल्या एका गृहस्थांना भाडेकरूविरुद्धच्या दाव्यासाठी पंचवीस हजार रुपये दिले. कार्डावर ‘बी.ए., एलएल.बी., कायदेविषयक सल्लागार’ असं आहे. ते सनदी वकील आहेत की नाही, हे त्यांना न दुखावता कसं तपासू? (कोपरी)

सनद क्रमांक विचारल्याने वकील दुखावला जाण्याचं कारणच नाही. रोज वकीलपत्रावर तोच क्रमांक लिहावा लागतो. विचारल्यावर जो चिडतो किंवा ‘नंतर देतो’ म्हणतो, त्याच्याबद्दल तिथेच सावध व्हावं.

एलएल.बी. ही पदवी आहे, सनद हा अधिकार आहे. वकील अधिनियम, १९६१च्या कलम ३३नुसार न्यायालयात वकिली करायची तर राज्य बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या संस्थेच्या, पटावर नाव असावंच लागतं. आपल्याकडे हा पट महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल ठेवते. तिचं कार्यालय फोर्टात, मुंबई उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. ‘कायदेविषयक सल्लागार’ ही काही नोंदणी नव्हे. तशी पाटी लावणारा माणूस वकील असू शकतो, नसूही शकतो.

आता तपासणी. आधी वकीलपत्राचा कागद हातात घ्या. वर न्यायालयाचं नाव आणि दाव्याचा क्रमांक किंवा त्यासाठी कोरी जागा, मधे तुम्ही कोणाला काय अधिकार देता तो मजकूर, खाली एका बाजूला तुमची सही आणि दुसऱ्या बाजूला वकिलाची ‘स्वीकारले’ म्हणून सही. त्या सहीखाली नाव, पत्ता आणि सनद क्रमांक असतो. क्रमांकाची घडण अशी : एमएएच, मग तिरकी रेघ, मग पटावरचा क्रमांक, पुन्हा रेघ, आणि शेवटी नोंदणीचं वर्ष. वर्ष २०१९ आणि कार्डावर ‘वीस वर्षांचा अनुभव’, असं असेल तर तिथेच प्रश्न विचारा. सहीखालची जागा कोरी असेल तर तुम्हीही सही करू नका. ‘सही करून ठेवा, वकीलसाहेब मागाहून भरतील’ या वाक्यावर विसंबून कोऱ्या वकीलपत्रावर सह्या देणारे पक्षकार पुढे कोण आपल्या वतीने उभं राहिलं हेही सांगू शकत नाहीत.

दुसरी पायरी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरची. ‘केस स्टेटस’मध्ये महाराष्ट्र, ठाणे आणि न्यायालय संकुल निवडा. तिथे वकिलाच्या नावाने शोधता येतं किंवा बार कोडने, म्हणजे राज्य, क्रमांक आणि वर्ष टाकून. त्या क्रमांकावर चालू असलेली प्रकरणं दिसतात. काहीच दिसलं नाही म्हणून माणूस तोतया ठरत नाही, कारण नोंद करताना कोड चुकलेला किंवा सुटलेला असू शकतो. उलट क्रमांक खरा आणि माणूस भलताच, असंही होतं. म्हणून सनदेवरचं किंवा बार कौन्सिलच्या ओळखपत्रावरचं नाव आणि छायाचित्र जुळवून पाहा. स्थानिक वकील संघटनेचं कार्ड हे सदस्यत्वाचं कार्ड आहे, ती सनद नव्हे. वकील महिलांच्या बाबतीत सनदेवर माहेरचं आणि पाटीवर सासरचं नाव असतं, तेवढ्यावरून संशय घेऊ नये. क्रमांक जुळतो का ते बघावं.

तिसरी पायरी लेखी विचारणेची. नाव आणि क्रमांक देऊन बार कौन्सिलच्या सचिवांना दोनच गोष्टी विचारा : हा क्रमांक या नावावर आहे का, आणि आज ही व्यक्ती वकिली करण्यास पात्र आहे का. दुसरा प्रश्न विसरू नका. क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. सनद निलंबित असली तरी कार्डावरचा आकडा पुसला जात नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा, मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

आणि हे सगळं करण्याआधी दावा खरोखर दाखल झाला आहे का ते पाहा. दाखल प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. ठाणे जिल्ह्यातल्या प्रकरणाचा क्रमांक एमएचटीएच या चार अक्षरांनी सुरू होतो. तो मागा. कारण माणूस तोतया निघाला तर वकील अधिनियमाच्या कलम ४५खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ही आहे, पण तुमचा दावा दाखल करण्याची मुदत त्या चौकशीसाठी थांबत नाही.

प्रश्न : मुलगी यंदा एलएल.बी. झाली. सनद, बार परीक्षा, सीओपी असे तीन शब्द ऐकतो. आधी काय, नंतर काय, आणि खर्च किती? (ऐरोली)

आधी नोंदणी, म्हणजे सनद. अर्जदार भारतीय नागरिक हवी, वय एकवीस पूर्ण हवं आणि मान्य विद्यापीठाची कायद्याची पदवी हवी. वकील अधिनियमाच्या कलम २४नुसार नोंदणी शुल्क राज्य कौन्सिलचं ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचं १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी १०० आणि २५ रुपये. स्टॅम्प ड्यूटी लागू असेल तर ती वेगळी. पूर्वी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त शुल्क राज्य कौन्सिल घेऊ शकत नाही. तो निकाल पुढच्या नोंदणींना लागू आहे, त्यामुळे आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मुलीकडून जी रक्कम घेतली जाईल तिची पावती बाबवार मागा. गरिबाघरचं पोर फीपायी नोंदणी पुढे ढकलतं, तेव्हा त्याची वर्षं वाया जातात. म्हणून हा निकाल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मग अखिल भारतीय बार परीक्षा. २०१० साली आणि त्यानंतर पदवी घेतलेल्यांना ती द्यावी लागते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, वेळ साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या आणि ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण हवेत. कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, पण ती निव्वळ कायद्याची, टिपा किंवा भाष्य नसलेली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं पुस्तक दारातच अडतं. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी कायम केला आहे, त्यामुळे ‘परीक्षा रद्द होणार’ अशा बातम्यांवर थांबून राहू नये. पास झाल्यावर मिळतं ते सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, बोलीतलं सीओपी. सनद आणि सीओपी हे दोन वेगळे कागद आहेत. परीक्षेआधीची नोंदणी तात्पुरती असते आणि पास होण्यासाठी दोन वर्षांची मुदत धरली जाते.

अर्ज अडतात ते कायद्याच्या ज्ञानावरून नव्हे, कागदांवरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पदवीवर दुसरं आणि आधारवर तिसरंच. वडिलांचं नाव कुठे आधी, कुठे नंतर. आधीची पदवी आणि एलएल.बी. यांमध्ये काही वर्षं गेली असतील तर त्या काळात काय केलं याचं प्रतिज्ञापत्र मागितलं जातं. हे सगळं फोर्टात खिडकीवर कळण्यापेक्षा घरीच सारे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली जाहिरात आधी उरकून घ्या.

पदवीची पडताळणी नोंदणीनंतरही होऊ शकते. २०१५च्या पडताळणी नियमांनंतर हे काम रेंगाळलं, तेव्हा १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि विद्यापीठांनी या पडताळणीसाठी पैसे घेऊ नयेत असंही सांगितलं. म्हणून मूळ गुणपत्रिका सांभाळून ठेवा.

प्रश्न : लंडनमध्ये वारलेल्या काकांच्या मालमत्तेत आमचा हिस्सा आहे. तिथले एक बॅरिस्टर व्हिडिओ कॉलवर काम घ्यायला तयार आहेत. मालमत्तेची रक्कमही त्यांच्याच खात्यावर येईल आणि मग ते आम्हाला पाठवतील, असं म्हणतात. ते खरे बॅरिस्टर आहेत हे खारघरात बसून कसं कळणार? (खारघर)

पैशांबद्दलचं ते वाक्य वाचूनच थांबा. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरला पक्षकाराचे पैसे सांभाळता येत नाहीत. स्वतःच्या कामाची फी तो घेऊ शकतो. विक्रीची रक्कम, वारसाहक्काची रक्कम, तडजोडीची रक्कम त्याच्या खात्यातून जाऊ शकत नाही. हे काम सॉलिसिटरचं, म्हणजे पक्षकाराचे कागद आणि व्यवहार सांभाळणाऱ्या वकिलाचं. खरा बॅरिस्टर ही मागणी करणार नाही.

तपासणी मात्र तिथे आपल्यापेक्षा सोपी आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या बॅरिस्टरांचं नियमन बार स्टँडर्ड्स बोर्ड करतं आणि त्याचं बॅरिस्टर्स रजिस्टर इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतं. नाव टाकलं की कळतं : प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट आहे का, ते कोणत्या प्रकारचं, कामाचा पत्ता कोणता, कोणत्या राखीव, म्हणजे फक्त परवानगी असलेल्यांनाच करता येणाऱ्या, कामांना परवानगी आहे, आणि शिस्तभंगाचा ठपका आहे का. खारघरच्या घरून पाच मिनिटांत हे होतं.

पण नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. तिथे ‘बारवर बोलावणं’ आणि वकिली करणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांपैकी एक बोलावते, तेव्हा माणूस बॅरिस्टर होतो. त्यानंतर साधारण वर्षभराची पुपिलेज, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. पहिल्या सहा महिन्यांत त्याला स्वतः वकिली करता येत नाही. दुसऱ्या सहामाहीत तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं. उमेदवारी न केलेले शेकड्यांनी लोक बॅरिस्टर असूनही नोंदणीबाह्य असतात. त्यांना कायद्याची सेवा विकताना स्वतःला बॅरिस्टर म्हणवता येत नाही.

सर्टिफिकेट दरवर्षी नवं करावं लागतं. त्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. शुल्क त्या बॅरिस्टरच्या एकूण उत्पन्नाच्या टप्प्यानुसार ठरतं. म्हणून गेल्या वर्षी कुणी दाखवलेला कागद या वर्षी उपयोगाचा नाही. रजिस्टर आज पाहा, आणि काम एप्रिलपलीकडे गेलं तर पुन्हा पाहा.

तुम्ही सॉलिसिटरशिवाय थेट बॅरिस्टरकडे जात आहात, तर त्याला ‘पब्लिक ॲक्सेस’ची परवानगी हवी. रजिस्टरवर तेही दिसतं. आणखी एक बारीक गोष्ट, इथे बहुतेक भारतीय पक्षकार गडबडतात : न्यायालयात बाजू मांडणं आणि दावा चालवणं, म्हणजे कागद दाखल करणं, बजावणं, पत्रव्यवहार करणं, ही २००७च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टखाली दोन स्वतंत्र राखीव कामं आहेत. बऱ्याच बॅरिस्टरांकडे पहिल्याची परवानगी असते, दुसऱ्याची नसते. नसेल तर कागद तुम्हालाच दाखल करावे लागतील किंवा सॉलिसिटर नेमावा लागेल. मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची मान्यता, काढण्यासाठीचे कागद तयार करणं हेही वेगळं राखीव काम आहे. तेव्हा लेखी विचारा, ‘यातलं काय तुम्ही कराल, काय आम्ही?’ कामाच्या अटी, फी आणि तक्रारीची पद्धत सांगणारं पत्र त्याने तुम्हाला द्यायलाच हवं. ते मिळेपर्यंत पैसे पाठवू नका. त्याच्याकडे व्यावसायिक विमा असणंही बंधनकारक आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी तो बार म्युच्युअल या बॅरिस्टरांच्या विमा संस्थेकडून घ्यावा लागतो.

सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी त्यालाच लेखी कळवा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे, जाता येतं. अंतिम उत्तर मिळाल्यापासून तिथे जायला सहा महिने असतात. आणि हे सारं इंग्लंड-वेल्सपुरतं. काका स्कॉटलंडमध्ये राहत असतील तर तिथली व्यवस्था निराळी.

प्रश्न : पुतण्या इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होऊन आला आहे. घोडबंदर रोडला ‘बॅरिस्टर-ॲट-लॉ’ पाटी लावून ठाणे न्यायालयात उभा राहू शकेल का? (कासारवडवली)

पाटीच्या जोरावर नाही. मराठी घरांत बॅरिस्टर या शब्दाचं वजन पूर्वापार आहे. गांधीजी इनर टेंपलचे, बाबासाहेब ग्रेज इनचे. त्या काळी ती पदवी इथे चालत असे. वकील अधिनियमाने नुसत्या बॅरिस्टरकीवर नोंदणीची वाट फक्त ३१ डिसेंबर १९७६पर्यंत बारवर बोलावलेल्यांसाठी ठेवली. आज पुतण्याची परदेशी कायदा पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली आहे का हे पाहावं लागेल, पात्रता परीक्षा द्यावी लागेल, मग राज्य कौन्सिलकडे नोंदणी, मग बार परीक्षा. तो भारतीय नागरिक असेल तर ही वाट लांब असली तरी मोकळी आहे. नागरिकत्व ब्रिटिश घेतलं असेल तर गोष्ट वेगळी : २०१८च्या ए. के. बालाजी निकालानुसार परदेशी वकिलाला इथे वकिली करता येत नाही, आणि बार कौन्सिलच्या नंतरच्या नियमांखाली नोंदणी केली तरी परदेशी कायद्याबद्दलचा सल्ला देता येतो, ठाण्याच्या न्यायालयात उभं राहता येत नाही.

प्रश्न : मी महापे इथल्या कंपनीत पगारी विधी अधिकारी आहे, सनद आहे. कंपनीचं प्रकरण बेलापूर न्यायालयात मीच चालवू का? (वाशी)

नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९नुसार पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. नोकरी लागली तेव्हाच मूळ सनद नोंदणीकृत टपालाने राज्य कौन्सिलला परत पाठवून वकिली स्थगित ठेवायला हवी होती. अजून केलं नसेल तर आता करा. नोकरी सोडल्यावर प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते. सनद कपाटात तशीच ठेवून नोकरी करणाऱ्यांची पुढे अडचण होते, कारण अनुभवाची वर्षं मोजताना हा काळ आड येतो. कायदा शिकवण्याला मात्र सूट आहे : दिवसाला तीन तासांपर्यंत.

प्रश्न : वकील आपल्या संकेतस्थळावर फीचे दर का लिहीत नाहीत? (नेरूळ)

कारण नियम ३६ वकिलाला जाहिरात करू देत नाही. २००८पासून संकेतस्थळाला परवानगी मिळाली, पण त्यावर नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सनद क्रमांक, नोंदणीची तारीख, बार कौन्सिल, संघटनेचं सदस्यत्व, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच देता येतं. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं झालं. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१६ साली सांगितलं की पक्षकाराला दर आणि दर्जा यांची तुलनाच करता येत नाही. त्यावरून २०१९चे पारदर्शकता नियम आले. आता चेंबर्सना, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयांना, फी कोणत्या पद्धतीने आकारतात ते, नियामकाचं नाव, रजिस्टरचा दुवा आणि तक्रारीची वाट संकेतस्थळावर द्यावीच लागते. थेट पक्षकार घेणाऱ्यांना काही ठरावीक कामांचे दरही. आमच्या मते जाहिरातबंदी राहू द्या, पण ‘फी प्रति तारीख की संपूर्ण कामाची’ एवढं सांगणं म्हणजे जाहिरात नव्हे. तोपर्यंत पहिल्याच भेटीत ते कागदावर लिहून घ्या. दाव्यात जे मिळेल त्याचा हिस्सा फी म्हणून मागितला तर नकार द्या. नियम २०ने तो करार वर्ज्य केला आहे.

प्रश्न : वकील तारखांना जात नाहीत आणि उरलेली फी दिल्याशिवाय फाइलही देत नाहीत. ग्राहक मंचात जाऊ का? (कळवा)

ग्राहक मंचाचं दार १४ मे २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झालं. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. फाइल मात्र तुमची आहे. फी थकली म्हणून वकील कागद अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. फीसाठी त्याने वेगळा दावा लावावा.

म्हणून आधी पोहोचपावतीसह पत्र पाठवा : अमुक प्रकरणाची फाइल सात दिवसांत द्या. नाही दिली तर नव्या वकिलामार्फत न्यायालयाला कळवा आणि वकीलपत्र रद्द करण्याची परवानगी मागा. जुन्या वकिलाची ना-हरकत मिळाली नाही म्हणून अडून बसू नका, कारण तारीख तुमची जाते. कागदांच्या प्रमाणित नकला न्यायालयातून काढता येतात.

तक्रार राज्य बार कौन्सिलकडे, वकील अधिनियमाच्या कलम ३५खाली. ती अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह लिहायची. सोबत ठरलेलं शुल्क भरायचं. मराठीत चालते. ‘वकिलाने फसवलं’ असं मोघम लिहिलेल्या तक्रारी टिकत नाहीत. कोणती तारीख, वकील हजर नव्हता हे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, कसं नोंदलं आहे, त्यामुळे काय झालं, असं एकेक लिहा आणि रोजनाम्याची नक्कल जोडा. पैसे दिल्याचा पुरावा जोडा. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, ठरावीक काळ निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण कलम ३६बीनुसार बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत तिथेच अपील. मधेच तडजोड झाली तरी केवळ तेवढ्यावरून चौकशी थांबत नाही, तेव्हा ‘तक्रार मागे घ्या, मग फाइल देतो’ असं म्हणणाऱ्याला हा नियम दाखवा.

फी परत मिळवून देणं हे समितीचं काम नव्हे. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो.

प्रश्न : आईने मला कुलमुखत्यारपत्र दिलं आहे. तिच्या दाव्यात मीच युक्तिवाद करू शकतो का? (पाचपाखाडी)

मुखत्यार म्हणून अर्जावर सही करणं, कागद देणं, हजर राहणं जमेल. युक्तिवाद करणं म्हणजे वकिली. ती मुखत्यारपत्राने मिळत नाही. वकील अधिनियमाच्या कलम ३२खाली न्यायाधीश त्या एका प्रकरणापुरती परवानगी देऊ शकतात. तिच्यासाठी कारण देऊन लेखी अर्ज करा, आणि परवानगी मिळेपर्यंतच्या तारखांना आईला सोबत न्या.